ओरखड्याची परीक्षा आणि परिहार

नवी मोटार दारात आली, की चाकांखाली लिंबे ठेवून, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक रेखून आणि नारळ फोडून तिचे जे यथासांग स्वागत आपल्याकडे होते, त्यात झेंडूचा हार ज्या सुतळीने पुढच्या जाळीला बांधलेला असतो ती सुतळी शोरूमपासून घरापर्यंत वाऱ्याने रंगावर घासत आलेली असते, आणि त्यामुळे कित्येक मोटारींचा पहिला ओरखडा मंगलकार्याच्या मुहूर्तावरच उमटलेला असतो, ही गोष्ट फार थोड्या मालकांच्या ध्यानात येते. पुढे केव्हातरी सोसायटीच्या आवारात सायकलचे हँडल घासते, मंडईच्या गर्दीत कुणाच्या पिशवीची कडी लागते, आणि मग आरशासारख्या त्या पृष्ठभागावरची पांढरी रेघ पाहून व्यथित झालेला मालक घरात जे हाताला लागेल ते, मग ती टूथपेस्ट असो, खोबरेल तेल असो की भांडी घासण्याची तारेची जाळी असो, घेऊन तिच्यावर तुटून पडतो. माझा अनुभव असा, की ओरखड्याने रंगाची जेवढी हानी होते त्याहून अधिक हानी या पहिल्या अर्ध्या तासातील उतावीळ उपचाराने होते. म्हणून प्रस्तुत लेखात उपचाराइतकीच जागा परीक्षेलाही दिली आहे, याबद्दल वाचकांनी कुरकुर करू नये.

मोटारीचा रंग म्हणून आपण ज्याचा उल्लेख एकवचनाने करतो तो वस्तुतः चार थरांचा समुदाय असतो. कारखान्यात मोटारीचा पोलादी सांगाडा प्रथम धुऊन, त्यावर फॉस्फेटचा संस्कार करून, तो रंगाच्या हौदात संपूर्ण बुडवतात आणि विजेच्या प्रवाहाने रंगाचे कण पत्र्याच्या सांदीकोपऱ्यापर्यंत चिकटवतात. हा गंजाला अटकाव करणारा सुमारे २० मायक्रॉनचा थर म्हणजे सगळ्या इमारतीचा पाया होय. त्यावर ३०-३५ मायक्रॉनचा प्रायमर, त्यावर ज्याला आपण लाल, निळा किंवा चंदेरी म्हणतो तो अवघा १५-२० मायक्रॉनचा रंग, आणि सर्वांवर क्लिअर कोट या नावाने ओळखला जाणारा ३५ ते ५० मायक्रॉनचा पारदर्शक थर अशी ही रचना असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि माणसाच्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. तेव्हा ज्या रंगासाठी आपण शोरूममध्ये सहकुटुंब तासभर खल केला, तो सगळा कारभार दीड-दोन केसांच्या जाडीत आटोपलेला असतो. मोटारीची चकाकी असते ती या पारदर्शक थराची, आणि उन्हातील अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षण करण्याची द्रव्येही त्याच थरात मिसळलेली असतात.

आता ओरखडा ‘काढणे’ या शब्दप्रयोगाने आपली जी फसगत होते तिचा उलगडा करू. शेतातला चर नाहीसा करण्याचे दोनच मार्ग संभवतात: एक तर चर मातीने भरायचा, किंवा आजूबाजूची सगळी जमीन खणून चराच्या तळाशी आणायची. रबिंग कंपाऊंड, पॉलिश, टूथपेस्ट ही सारी द्रव्ये दुसऱ्या मार्गाची आहेत. ती ओरखड्यात काही भरत नाहीत, त्याच्या भोवतालचा निर्दोष थर खरवडून पृष्ठभाग सपाट करतात, आणि कडांवर विखुरणारा प्रकाश पुन्हा सरळ परावर्तित होऊ लागल्याने रेघ दिसेनाशी होते. म्हणजे चकाकी परत आली ती मुद्दलातून खर्च करून आली. पाच-दहा मायक्रॉन खर्ची पडले तर बिघडत नाही. परंतु दर दिवाळीला हौसेने यंत्राचे पॉलिश करून घेणाऱ्या गृहस्थाच्या मोटारीवर काही वर्षांनी छत आणि बॉनेट पांढुरके पडून पापुद्रे सुटू लागतात, तेव्हा तो दोष कारखान्याचा समजतो. वास्तविक त्याने स्वतःच्याच हाताने ती शिल्लक संपवलेली असते, आणि पारदर्शक थराचा एकदा पापुद्रा सुटला म्हणजे तो पुन्हा चढवण्यावाचून गत्यंतर नसते.

जुन्या मोटारींचा मामला निराळा होता, आणि आपल्या बहुतेक घरगुती समजुती त्या काळातून आल्या आहेत. गॅरेजमधले वयस्क कारागीर फवाऱ्याच्या रंगकामाला आजही ‘ड्युको’ म्हणतात. तो शब्द अमेरिकेतील ड्युपाँ कंपनीच्या नायट्रोसेल्युलोज लॅकरच्या व्यापारी नावातून आपल्याकडे रुळला. त्यापूर्वी मोटारीवरचे वार्निश वाळायला आठवडे लागत. ड्युकोने ते काम दिवसांवर आणले, आणि १९२४ सालासाठी जनरल मोटर्सने काढलेली निळी ओकलँड मोटार त्या रंगाने रंगवून बाजारात आली. १९१४ ते १९२५ या काळात हेन्री फोर्डचे मॉडेल टी एका काळ्या रंगातच का मिळे, याचे कोडे पडलेल्याने वाळण्याच्या या वेळाचा हिशेब ध्यानात घ्यावा. आपल्या अँबॅसडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनी या मोटारींच्या रंगावर बहुधा वेगळा पारदर्शक थर नसे. रंगच जाड असे, आणि तो घासला की मळकट झालेल्या वरच्या पदराखालून ताजा रंग निघे. तुमच्या मोटारीचा रंग कोणत्या जातीचा आहे हे पाहावयाचे असल्यास पांढऱ्या फडक्याला किंचित पॉलिश लावून आडबाजूला घासून पाहावे: फडक्याला मोटारीचा रंग लागला तर तो एकाच थराचा, न लागला तर वर क्लिअर कोट आहे.

ओरखड्याच्या परीक्षेत पहिला प्रश्न असा, की तो ओरखडा आहे काय? तळघरातल्या खांबाला घासलेल्या मोटारीच्या अंगावर दिसणारा पिवळा-काळा पट्टा हा पुष्कळदा खांबाचाच रंग असतो. म्हणजे तिथे मोटारीचे काही गेले नसून उलट तिला काही मिळाले आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजवलेल्या मऊ कापडाने, तेही घरात नसेल तर रॉकेलाच्या बोळ्याने, हलक्या हाताने पुसून लगेच साबणाच्या पाण्याने धुतले असता असा डाग निम्म्याहून अधिक निघून जातो, आणि गॅरेजमध्ये मागितलेले चार हजार रुपये वाचतात. थिनर मात्र या कामी वापरू नये. जुन्या दुरुस्तीचा रंग त्याने विरघळतो आणि प्लास्टिकचा बंपर चिकट होतो.

डाग गेल्यावर जे उरेल तो ओरखडा. त्यावर पाण्याचा हात फिरवावा. पाणी असेपर्यंत रेघ अदृश्य झाली आणि वाळताच परत दिसू लागली, तर घाव वरच्या पारदर्शक थरापुरता आहे असे समजावे. नंतर बोटाचे नख रेघेला आडवे, दाब न देता फिरवावे. नख सरसर निघून गेले तर पॉलिशने काम भागेल; किंचित अडखळले तर घाव पारदर्शक थरात खोलवर गेला आहे; ठेच लागल्यासारखे अडकले तर तो बहुधा थराच्या पलीकडे पोहोचला आहे आणि घासण्याने त्याचे निवारण होणार नाही. शेवटी भिंग घेऊन तळाचा रंग पाहावा: करडा किंवा पांढरा तळ दिसला तर प्रायमर उघडा पडला आहे, धातूची लकाकी दिसली तर पत्रा, आणि तपकिरी ठिपके दिसले तर हवेने व पाण्याने आपला अंमल आधीच बसवला आहे. ही सगळी तपासणी सकाळच्या तिरप्या उन्हात करावी. ट्यूबलाइटच्या प्रकाशात केलेल्या निदानावर इतबार ठेवू नये.

या परीक्षेचे महत्त्व मला फुकट समजले नाही. माझ्या पहिल्या मोटारीच्या डाव्या दरवाजावर कुणीतरी किल्लीने एक वीतभर रेघ ओढली होती. नखाला ती स्पष्ट अडत होती; तरी, अधिक घासले की अधिक जाते या शालेय तर्काने मी एक रविवारची दुपार तिच्यावर खर्च केली, आणि चहाच्या वेळेस पाहिले तो रेघ होती तशीच असून तिच्या भोवती तळहाताएवढे करडे बेट उगवले होते. कंपाऊंडने प्रथम पारदर्शक थर, मग रंग आणि शेवटी प्रायमरपर्यंत मजल मारली होती. किल्लीवाल्याचे काम शंभर रुपयांच्या बाटलीत निभावले असते. माझ्या कामासाठी अखंड दरवाजा रंगवावा लागला.

नख न अडणाऱ्या ओरखड्यांचा उपचार असा. मोटार सावलीत, पत्रा हाताला थंड लागेल अशा वेळी घ्यावी. तापलेल्या पत्र्यावर कंपाऊंड वाळून स्वतःच ओरखडे पाडते. जागा शाम्पूच्या पाण्याने धुऊन, कोरडी करून, अल्कोहोलने पुसावी, म्हणजे जुने मेण निघून घावाचे खरे रूप दिसेल. पत्र्याच्या कडा आणि उंचवट्याच्या रेषा यांवर रंग मुळातच पातळ बसतो, म्हणून जवळपास अशी कड असल्यास तिच्यावर मास्किंग टेप चिकटवावी. फोमच्या गोळ्यावर वाटाण्याएवढे बारीक कंपाऊंड घेऊन तळहाताएवढ्या जागेतच, मध्यम दाबाने, आधी उभे आणि मग आडवे असे दहा-पंधरा हात द्यावेत, मायक्रोफायबरच्या कापडाने पुसावे आणि पाहावे. दोन-तीन फेऱ्यांत रेघ ऐंशी टक्के गेली असेल तर थांबावे. उरलेले वीस टक्के घालवण्याच्या हट्टापायी जेवढा थर जातो तेवढा पहिल्या ऐंशी टक्क्यांनाही लागत नाही, आणि ती पुसट रेघ मालकाखेरीज जगात कुणाला दिसत नाही. नंतर पॉलिश व शेवटी मेण. टूथपेस्टमध्ये कॅल्शियम कार्बोनेट किंवा सिलिका यांची भुकटी असल्याने तीही सौम्य पॉलिशसारखे थोडे काम करते, हे खरे. परंतु दातांच्या मापाने केलेली ती भुकटी रंगाला किती मानवेल याची खातरजमा करण्याचे साधन आपल्याजवळ नसते, आणि पॉलिशची लहान डबी काही महाग मिळत नाही.

नख किंचित अडखळणाऱ्या घावासाठी २००० क्रमांकाचा वॉटर पेपर आणि पाठोपाठ ३००० क्रमांकाचा लागतो. पेपर पंधरा मिनिटे पाण्यात भिजत घालून शाळेतल्या मोठ्या खोडरबराभोवती गुंडाळावा, कारण नुसत्या बोटांनी घासल्यास बोटांच्या दाबाच्या खाचा पडतात. पाण्यात शाम्पूचे थेंब टाकून, एकाच दिशेने, मोजून हात द्यावेत आणि दर दहा हातांनी पुसून पाहावे. निघणारे पाणी दुधाळ असेपर्यंत आपण पारदर्शक थरात आहोत. त्यात मोटारीच्या रंगाची छटा उतरताच हात तत्क्षणी थांबला पाहिजे. घासलेली जागा काचपेपर मारलेल्या काचेसारखी धुरकट दिसते, तिने घाबरून जाऊ नये. कंपाऊंड आणि पॉलिशने ती उजळते. ज्याने हे काम पूर्वी केलेले नाही त्याने भंगारवाल्याकडून एखादे जुने दार किंवा बॉनेट आणून त्यावर दोन रविवार हात बसवावा, आणि मगच स्वतःच्या मोटारीला हात लावावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आता राहिला खोल घाव, म्हणजे चर भरण्याचे काम. पत्रा उघडा पडला असेल तर दिरंगाई करू नये. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो, त्यामुळे तो रंगाच्या खाली शिरून त्याला उचलत जातो आणि रेघेची पाहता पाहता फोडांची रांग होते. रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत, किंवा मुंबईच्या आषाढात, ही क्रिया किती त्वरेने होते हे तिकडच्या वाचकांना सांगावयास नको. टच-अपचा रंग नावावरून मागू नये, कारण ‘पांढरा’ या एका शब्दाखाली एकाच कंपनीचे अनेक पांढरे नांदत असतात. मोटारीच्या दरवाजाच्या खांबावर अथवा बॉनेटखाली जी माहितीची पट्टी असते तिच्यावरचा रंगाचा सांकेतिक क्रमांक उतरवून घ्यावा आणि त्याबरहुकूम बाटली मागवावी. हंगाम निवडायचा तर दिवाळीनंतरचा कोरडा महिना उत्तम. पावसाळी दमट हवेत लॅकर वाळताना बाष्प धरून धुरकट होते. तेव्हा श्रावणात घाव झालाच तर तो स्वच्छ करून प्रायमरचा एक पातळ हात देऊन झाकावा आणि पुढचे काम कार्तिकावर टाकावे.

गंज असल्यास तो टोकदार हत्याराने खरवडून आणि ८०० च्या पेपरची घडी करून तिच्या कोपऱ्याने घासून निपटून काढावा. गंजाचा एक कण आत राहिला तरी वरचे सारे काम वाया जाते. मग अल्कोहोलने पुसून प्रायमरचा पातळ हात द्यावा. बाटलीच्या झाकणाला जो ब्रश येतो तो भिंतीच्या रंगाऱ्याला शोभेल असा जाड असतो, म्हणून तो बाजूला ठेवून टूथपिकच्या टोकाने रंगाचा थेंब उचलावा आणि चराच्या आत सोडावा. काठावर तो चढू देऊ नये. रंगातले द्रावक उडून गेले की थर आक्रसतो, आणि म्हणूनच काठोकाठ भरलेला चर दुसऱ्या दिवशी पुन्हा खोलगट दिसतो. यास्तव एका जाड हाताऐवजी अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतराने तीन-चार पातळ हात द्यावेत, रंग काठाच्या किंचित खाली ठेवावा, आणि वर क्लिअर कोटचे थेंब देऊन तो काठाच्या किंचित वर आणावा. यानंतर आठवडाभर त्याकडे ढुंकून पाहू नये. आठवड्याने तो उंचवटा ३००० च्या पेपरने, खोडरबराच्या आधाराने, सपाट करून पॉलिश करावा. साध्या पांढऱ्या, लाल किंवा काळ्या रंगावर हे काम दोन हातांवरून दिसत नाही. चंदेरी आणि इतर मेटॅलिक रंगांत मात्र ॲल्युमिनियमचे चपटे कण असतात. कारखान्याच्या फवाऱ्यात ते पृष्ठभागाला समांतर पसरतात, तर टूथपिकने सोडलेल्या थेंबात वाटेल तसे उभे-आडवे पडतात, त्यामुळे तोच रंग काळसर भासतो. यात कारागिराचा किंवा बाटलीचा दोष नाही. तिथे गंज थांबवला एवढ्यावर समाधान मानावे.

बंपर प्लास्टिकचा असल्याने गंजत नाही. त्याच्या ओरखड्यांसाठी झोप उडवून घेण्याचे कारण नाही, आणि पुण्या-मुंबईच्या वाहतुकीत तर बंपरचे ओरखडे साठू देऊन दोन-तीन वर्षांनी एकदाच रंगवणे हा शहाणपणाचा व्यवहार ठरतो. पोचा पडून रंग तडकला असेल, घाव वीतभरापेक्षा लांब असेल, किंवा फवाऱ्यावाचून भागणार नसेल, तर डेंटिंग-पेंटिंगवाल्याचा रस्ता धरावा. दोन भाग मिसळून मारावयाच्या क्लिअर कोटमध्ये आयसोसायनेट नावाची द्रव्ये असतात व ती फुफ्फुसांना अपायकारक आहेत. घराच्या पडवीत नाकाला रुमाल बांधून तो मारण्याचे साहस करू नये. गॅरेजमध्येही आधी विचारावे, की एवढा एकच भाग रंगवून शेजारच्या भागावर छटा विरवत नेणार काय, कारण आठ वर्षे उन्हात उभ्या असलेल्या मोटारीचा रंग आता तिच्या सांकेतिक क्रमांकाशी तंतोतंत जुळत नसतो. आणखी एक गोष्ट विसरू नये: कारखान्यात नुसता सांगाडा असताना वरचा रंग सुमारे १४० अंश सेल्सिअसला भाजला जातो, पण तयार मोटारीतल्या तारा आणि प्लास्टिक तेवढी आच सोसणार नाहीत, म्हणून रंगकामाच्या बंद खोलीत ती ६० अंशांच्या आसपासच ठेवतात. कारखान्याचा रंग एकदा गेला की तसाच परत मिळत नाही. जमेल तिथवर तो राखावा. सबंध मोटारीचा रंगच पालटण्याची लहर आली तर मात्र नोंदणीपत्रावर रंगाची नोंद असते याचे स्मरण ठेवून, आधी परिवहन कार्यालयाकडे रीतसर अर्ज करून मंजुरी आणि फेरनोंद यांची तजवीज करावी.

विम्याचा दावा करावा की करू नये, हा प्रश्न मला सर्वांत अधिक वेळा विचारला जातो, आणि त्याचे उत्तर भावनेने न देता कागद-पेन्सिल घेऊन द्यावे. लागोपाठ दावा न केलेल्या वर्षांबद्दल ‘नो क्लेम बोनस’ म्हणून स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात जी सूट मिळते ती २०, २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५० टक्के अशी चढत जाते. एक दावा केला की ती शून्यावर येऊन शिडी पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावी लागते. समजा, तुमचा हा हप्ता सुटीपूर्वी ८,००० रुपये आहे आणि तुम्ही ५० टक्क्यांच्या पायरीवर आहात. हप्ता तेवढाच राहतो असे धरले तर दाव्यानंतरच्या पाच वर्षांत तुमची गमावलेली सूट अनुक्रमे ४,०००, २,४००, २,०००, १,२०० आणि ४०० अशी एकंदर १०,००० रुपये भरते. एका दरवाजाच्या रंगाचे बिल ४,००० रुपये झाले, तर १,५०० सीसीपर्यंतच्या मोटारीस सक्तीने सोसावे लागणारे १,००० रुपये वजा जाऊन पदरात पडणार फार तर ३,०००. ज्याच्याजवळ बोनस शाबूत ठेवणारे जादा कलम आहे त्याने त्यातला बारीक मजकूर वाचून निराळा हिशेब करावा; इतरांनी लहान घाव स्वखर्चाने बुजवावेत हेच किफायतशीर.

इतके सगळे करूनही दोन महिन्यांनी बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक वर्तुळाकार रेघा उन्हात चमकू लागतात, त्यांचा उगम बहुतेक वेळा सायकल, किल्ली किंवा खांब यांत नसतो. आपल्या शहरांतून पहाटे साडेपाच वाजता एक बादली आणि एक फडके घेऊन जो गाडी पुसणारा येतो, तो त्या एकाच पाण्यात दहा मोटारींची धूळ कालवून ती अकराव्या मोटारीवर चोळतो. आणि बांधकामांच्या या दिवसांत त्या धुळीत वाळूचे जे कण असतात ते पारदर्शक थराहून पुष्कळ कठीण असतात. कोरड्या झटकणीने धूळ उडवणे त्याहून वाईट. धुळकट मोटारीवर आधी नुसते पाणी सोडावे, मग वरून खाली येत शाम्पूच्या पाण्याने पुसावे, आणि फडके प्रत्येक खेपेस निराळ्या स्वच्छ पाण्याच्या बादलीत पिळावे. मी आमच्या गाडी पुसणाऱ्यास हे सविस्तर समजावून सांगून दुसरी बादली स्वखर्चाने आणून दिली. त्याने ती आनंदाने स्वीकारली, आणि आता तो तिला पालथी घालून, तिच्यावर बसून चाके पुसतो. फडके मात्र आमच्या मोटारीच्या वेळी तो नळाखाली धुऊन आणतो, असे पहारेकऱ्याने मला परवा सांगितले.